‘सी’ची रेघ उठली म्हणजे टेस्ट झाली असे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कागदी पट्टीवर ‘सी’ आणि ‘टी’समोर उठणाऱ्या रेघा कोविडने घरोघरी ओळखीच्या करून सोडल्या. ‘सी’ उठली की टेस्ट नीट झाली, ‘टी’ उठली की रोग आहे, एवढे आता शाळकरी पोरही सांगते. त्या पट्ट्यांपुरते ते चालून गेले. पण विषाणूचा डीएनए किंवा आरएनए ओळखणाऱ्या पट्ट्यांना हाच नियम लावला, तर आजारी माणूस निगेटिव्ह ठरून घरी जाईल आणि पट्टीवर मात्र सगळे ठाकठीक दिसेल.

दिवाळी सरली की बेळगाव जिल्ह्यातल्या पश्चिम खानापुरात माकडतापाचा विषय निघतो. शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला हा रोग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात पोचला. दोन्ही ठिकाणे आपल्या घाटाच्या अगदी पलीकडची. गोचिडीतून येणाऱ्या या तापाचा हंगाम डिसेंबर ते मे. त्यामुळे ‘ती कागदी जीन टेस्ट कणकुंबी-जांबोटीकडच्या दवाखान्यांत का ठेवत नाहीत?’ असे लोक विचारतात, आणि ते रास्तच आहे. उत्तर ‘ठेवावी’ असेच द्यावे लागेल, पण खरेदीच्या कागदात काय लिहायचे हे आधी ठरवून.

कोविडची घरगुती पट्टी विषाणूचे प्रथिन पकडायची. एका विषाणूत त्या प्रथिनाच्या शेकडो प्रती असतात. जनुकाची प्रत मात्र एका विषाणूत एक-दोनच, आणि थेंबभर रक्तात विषाणू कधी दहा-वीस, कधी काही हजार. डोळ्यांना दिसेल अशी लाल रेघ उठायला कोट्यवधी रेणू एका जागी अडकावे लागतात. म्हणून जनुकाच्या प्रती आधी वाढवाव्या लागतात. पीसीआरच्या ३० फेऱ्यांत एकाच्या जवळजवळ १०७ कोटी प्रती होतात, पण त्यासाठी नळी ९५, ६० आणि ७२ अंशांत पुन्हा पुन्हा फिरवणारे यंत्र लागते. जपानी संशोधकांनी २००० साली मांडलेली ‘लॅम्प’ पद्धत हेच काम ६५ अंशांच्या एकाच तापमानात अर्ध्या-पाऊण तासात करते. ‘आरपीए’ला तर ३७ ते ४२ अंश पुरतात. पट्टी येते ती या सगळ्यानंतर. तिचे काम उत्तर दाखवण्याचे, शोधण्याचे काम नळीत आधीच उरकलेले असते.

हे न सांगितल्यामुळे २०२० मध्ये बराच गैरसमज झाला. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेत तयार झालेल्या ‘फेलुदा’ या क्रिस्पर (जनुकाचा ठरावीक भाग हेरणाऱ्या प्रथिनावर चालणाऱ्या) टेस्टला त्या सप्टेंबरात मंजुरी मिळाली, तेव्हा ‘कागदावर कोविड’ अशा बातम्या झळकल्या. टेस्ट उत्तमच होती. पण कागदापर्यंत येण्याआधी नमुन्यातून आरएनए काढावा लागे आणि प्रती वाढवायला साधे का होईना पीसीआर यंत्र लागे. वाचलेला खर्च होता महागड्या रिअल-टाइम यंत्राचा. खेड्यातल्या उपकेंद्रात नुसती पट्टी नेऊन ती चालणार नव्हती.

आता पट्टीकडे जवळून पाहू. साधारण ६ सेंमी लांब आणि ४-५ मिमी रुंद अशा प्लास्टिकच्या चिकट पाठीवर चार तुकडे एकापुढे एक चिकटवलेले असतात. पहिला नमुन्याचा पॅड. दुसऱ्यात ४० नॅनोमीटरच्या आसपासचे सोन्याचे कण वाळवून ठेवलेले असतात. हे कण इतके बारीक की सोने असून लाल दिसतात. तिसरी २५ मिमीची नायट्रोसेल्युलोजची पट्टी, रेघा हिच्यावर. शेवटी द्रव ओढून घेणारा जाड शोषक कागद. हे तुकडे एकमेकांवर २ मिमी चढलेले हवेत. कापताना हा चढाव कमी पडला तर द्रव सांध्यावर थबकतो किंवा एका कडेने पळतो, आणि रेघ अर्धीच उठते.

जनुकाची प्रत पट्टीला कळावी म्हणून प्रती वाढवतानाच तिच्या एका टोकाला ‘फॅम’ आणि दुसऱ्याला ‘बायोटिन’ अशा दोन खुणा लावलेल्या असतात. सोन्याच्या कणावरची प्रतिपिंडे फॅमला धरतात, रेघेवरचे स्ट्रेप्टॅव्हिडिन बायोटिनला धरते. दोन्ही खुणा एकाच रेणूवर असतील तरच सोने त्या रेघेपाशी अडकते. ‘सी’ची रेघ उरलेल्या सोन्याच्या कणांना सरसकट धरते, म्हणून ती एवढेच सांगते की द्रव तिथवर चढला आणि कण सुटले. नमुन्यात विषाणू उतरला होता का, प्रती वाढवणारे एन्झाइम शाबूत होते का, ६५ अंश मिळाले का, यातले काहीच तिला ठाऊक नसते. नुसता बफर (नमुना नसलेले द्रावण) टाकला तरी ती तशीच टवटवीत उठते.

आमचा मुख्य मुद्दा हाच. खरेदी करायचीच तर तीन रेघांची पट्टी घ्यावी. तिसरी रेघ माणसाच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची, बहुधा आरएनेज-पी या जनुकाची, तिला फॅमबरोबर बायोटिनऐवजी ‘डिग’ नावाची निराळी खूण. कोणत्याही माणसाचा नमुना नीट घेतला, आरएनए नीट निघाला आणि एन्झाइमने काम केले, तर ही रेघ यायलाच हवी. मग वाचन असे होते. रोगाची रेघ आली तर पॉझिटिव्ह, मग माणसाची रेघ फिकट असो वा नसो, कारण विषाणू भरपूर असला की प्रती वाढवण्याचे सामान तोच संपवतो. रोगाची रेघ नाही पण माणसाची आहे, तर निगेटिव्ह. दोन्ही नाहीत आणि फक्त ‘सी’ आहे, तर टेस्ट झालेलीच नाही. तो नमुना बहुधा रक्तातल्या कशाने तरी अडलेला असतो. दहापट पातळ करून पुन्हा लावावा, तरी नाही आले तर नवीन नमुना घ्यावा. दोन रेघांच्या पट्टीवर या तिसऱ्या प्रकारातले सगळे रुग्ण निगेटिव्हमध्ये जातात, आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

नमुना कुठे बिघडतो? सगळ्यात आधी, चुकीच्या नळीत. हिरव्या बुचाच्या नळीतले हेपारिन प्रती वाढवणाऱ्या एन्झाइमला अडवते, म्हणून जांभळ्या बुचाची, ईडीटीएची नळी घ्यावी. दुसरे, दिवस. माकडतापाचा विषाणू रक्तात सापडतो तो मुख्यतः तापाच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर जनुकाची टेस्ट निगेटिव्ह येऊ लागते आणि प्रतिपिंडांची तपासणी कामी येते. त्यामुळे चिठ्ठीवर ताप कधी आला ती तारीख नसेल तर निगेटिव्ह अहवालाचा अर्थच लावता येत नाही. तिसरे, आरएनए फार नाजूक. आपल्या बोटांवरच त्याला चिरणारी एन्झाइमे असतात. ग्लोव्हज घालून मोबाइल उचलला की ते ग्लोव्हज बदलायचे. आणि हा विषाणू प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही लागतो. तेव्हा रक्त उघडणे आणि विषाणू निष्क्रिय करणे ही कामे प्रशिक्षित माणसानेच, योग्य सुरक्षेत करावीत. आशाताईंच्या हातात पिपेट देऊन हे भागणार नाही.

आरएनए-डीएनए काढण्यासाठी मात्र कागदाचा खरोखर सुरेख उपयोग होतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलेली युक्ती साधी आहे. व्हॉटमन नंबर १ हा गाळणकागद मेणात बुडवून घ्यायचा, फक्त एका कडेला ४ मिमी कोरा ठेवायचा, आणि २ मिमी रुंदीच्या काड्या कापायच्या. मेणाचा भाग मूठ, कोरा शेंडा काम करतो. शेंडा नमुन्याच्या द्रावणात तीनदा बुडवायचा, मग धुण्याच्या बफरमध्ये तीनदा, मग थेट प्रती वाढवण्याच्या मिश्रणात तीनदा. अर्ध्या मिनिटात काम होते. कागदाच्या तंतूंना जनुकीय द्रव्य चिकटून राहते, बाकीचे धुऊन जाते. धुण्याची पायरी गाळली तर मात्र टेस्ट मेलीच. पेशी फोडणाऱ्या द्रावणातले ईडीटीए मॅग्नेशियम पकडून बसते आणि एसडीएस हा साबण एन्झाइम मारतो. धुण्याचा बफर साधाच असतो: १० मिलिमोलर ट्रिस, सामू ८, आणि ०.१ टक्का ट्वीन-२०. काड्या हाताळताना कोऱ्या शेंड्याला बोट लागू द्यायचे नाही.

आता लॅम्पचे मिश्रण. २५ मायक्रोलिटरच्या नळीत दुप्पट तीव्रतेचे तयार मिश्रण १२.५, दहापट तीव्रतेचे प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) २.५, नमुना २ आणि पाणी ८. काडी वापरली तर नमुन्याचे २ पाण्यात मिळवायचे. नमुना जास्त घातला तर टेस्ट जास्त पकडेल असे वाटते. घडते उलटे, कारण नमुन्याबरोबर अडथळाही वाढतो. वेळेचेही तसेच. ४० मिनिटांत नाही आले म्हणून दीड तास ठेवले तर लॅम्पचे चार-सहा प्रायमर एकमेकांना चिकटून स्वतःच्याच प्रती काढू लागतात. दोन्ही खुणा त्यांच्यावरच असतील तर कोऱ्या पाण्यालाही रोगाची रेघ उठते. यावर उपाय म्हणजे एक खूण प्रायमरवर आणि दुसरी जनुकाच्या मधल्या भागाला जुळणाऱ्या वेगळ्या प्रोबवर. कंपनीला विचारायचा प्रश्न हा आहे. ‘संवेदनशीलता किती टक्के’ हे प्रत्येक कंपनी न विचारता सांगते.

वीज गेली तर? ६५ अंशांसाठी चांगला थर्मासही चालतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९७ अंशांनाच उकळते. ७ वाटी उकळते पाणी आणि ५ वाटी २५ अंशांचे पाणी मिसळले की सुमारे ६७ अंश होतात. थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा, नाहीतर त्याची काचच दोन-तीन अंश खाते. एप्रिलमध्ये टाकीतले पाणी तिशीला पोचलेले असते, तेव्हा थंड पाणी थोडे जास्त लागते. थर्मामीटरशिवाय हा उद्योग करू नये, आणि ४० मिनिटांत पारा किती घसरतो ते आधी नुसत्या पाण्यावर बघून ठेवावे. ६० च्या खाली गेला तर एन्झाइम मंदावते.

काही संच पट्टीऐवजी रंगावर चालतात. फिनॉल रेड घातलेले गुलाबी मिश्रण प्रती वाढताना आम्लधर्मी होत पिवळे पडते. दिसायला सोपे, फसायलाही सोपे. नमुनाच आंबट असला तर नळी तापवण्याआधीच पिवळी होते. म्हणून तापवण्यापूर्वीचा रंगही लिहून ठेवायचा. हीच क्रिया कागदाच्या तुकड्यावर केली तर आणखी एक अडचण येते. १०-२० मायक्रोलिटर द्रव ६५ अंशांवर उघडा ठेवला की काही मिनिटांत वाळतो आणि क्षार साचून रंग भलताच दिसतो. वरून-खालून पारदर्शक चिकटपट्टीने सील केलेला कागदच वापरावा.

पण या सगळ्या चुका एकीकडे आणि नळी उघडणे एकीकडे. लॅम्पनंतर त्या थेंबात अब्जावधी प्रती असतात. पट्टी बुडवायला झाकण उघडले की डोळ्यांना न दिसणारे तुषार टेबलावर, पिपेटवर, बाहीवर बसतात. त्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशीपासून एकेक करून सगळे नमुने पॉझिटिव्ह येऊ लागतात, शेवटी कोरे पाणीसुद्धा. गावात साथ आली म्हणून धावाधाव होते आणि साथ असते टेबलावर. म्हणून प्रत्येक खेपेला, म्हणजे ८ नळ्यांच्या ओळीत, एक नळी कोऱ्या पाण्याची आणि एक खात्रीच्या पॉझिटिव्हची लावायलाच हवी. पाण्याच्या नळीला रेघ उठली तर त्या खेपेचे सर्व अहवाल रद्द. मिश्रण भरायची खोली आणि पट्टी वाचायची खोली वेगळी असावी. जागा नसेल तर निदान टेबले दोन, पिपेट दोन, आणि वाचनाच्या टेबलावरून भरण्याच्या टेबलाकडे त्या दिवशी परत जायचे नाही. टेबल ०.५ टक्के हायपोक्लोराइटने पुसून १० मिनिटे ओले ठेवावे. बाजारातले ब्लीच साधारण ५ टक्क्यांचे धरले तर १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी. हे रोज ताजे करायचे, कालचे उतरलेले असते. आणि ग्वानिडीन (आरएनए काढण्याच्या काही संचांतले रसायन) असलेल्या द्रावणावर ब्लीच कधीही ओतू नये, विषारी वायू सुटतो. सर्वांत बरे म्हणजे नळी न उघडता आतल्या आत फोडून पट्टीवर सोडणारी बंद प्लास्टिक कॅसेट. थोडी महाग पडते. ज्या केंद्रात एकच खोली आहे तिथे दुसरे काही घेऊच नये.

वाचताना होणारी एक गंमतशीर चूक सांगायला हवी. नळीतला द्रव जसाच्या तसा पट्टीवर ओतला तर जोरदार पॉझिटिव्ह नमुन्याची रेघ कधी कधी फिकट होते किंवा नाहीशीच होते. न वापरलेल्या प्रायमरांवरच्या सुट्या खुणा सोन्यालाही व्यापतात आणि रेघेलाही, मग खऱ्या प्रतीला जागा उरत नाही. ५ मायक्रोलिटर द्रव ९५ मायक्रोलिटर बफरमध्ये पातळ केला की रेघ परत येते. कॅस-१२ (रोगाचे जनुक सापडले की खूण कापणारे प्रथिन) वापरणाऱ्या काही क्रिस्पर पट्ट्यांचे वाचन तर उलटेच. तिथे पहिली रेघ न कापलेल्या खुणेची, आणि रोग असला की दुसरी उठते. खूण कमी पडली की निरोगी नमुन्यालाही दुसरी रेघ पुसट उठते. एका केंद्रात दोन तऱ्हेच्या पट्ट्या एकाच वेळी ठेवू नयेत, एवढे यावरून समजावे.

आणि आपला पाऊस. जून ते सप्टेंबर आमगाव-कणकुंबी भागात भिंतींना पाणी सुटते, तिथे उघड्या पाकिटातली पट्टी दुपारपर्यंत निकामी. सोन्याचा पॅड ओलसर झाला की कण पूर्ण सुटत नाहीत, रेघेऐवजी लालसर ओघळ दिसतात. प्रत्येक पट्टी वेगळ्या फॉइलच्या पाकिटात, आत सिलिका जेलची पुडी, आणि उघडल्यावर तासाभरात वापर. फ्रिजमधून काढलेले पाकीट लगेच फाडू नये, अर्धा तास बाहेर ठेवावे, नाहीतर पट्टीवर दव धरते. ‘२५ पट्ट्यांची एक बाटली’ असा माल स्वस्त मिळतो. तो आपल्याकडे घेऊ नये.

माकडतापापुरते बोलायचे तर आज हाताशी असलेला पर्याय कागदी नाही. गोव्यातल्या कंपनीच्या बॅटरीवर चालणाऱ्या ट्रूनॅट या छोट्या पीसीआर यंत्रासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेबरोबर या रोगाची चिप विकसित झालेली आहे, आणि क्षयरोगासाठी ही यंत्रे अनेक सरकारी दवाखान्यांत आहेतच. कागदी पट्टीचा हात बसवायचा असेल तर तो आधी बटाट्यावर बसवावा असे आम्हाला वाटते. बेळगाव तालुक्यात खरिपाला लागणारे बियाणे जालंधरकडून येते, आणि मर रोगाचा जिवाणू बाहेरून निरोगी दिसणाऱ्या बटाट्यातही दडलेला असतो. एका लॉटमधून २०० बटाटे घ्यायचे, देठाकडच्या टोकाची साल काढून आतल्या नलिकांच्या वलयाचा शंकूच्या आकाराचा छोटा तुकडा प्रत्येकाचा काढायचा, एकत्र ठेचायचा आणि वरची कागदी काडी वापरायची. तिसऱ्या रेघेसाठी बटाट्याचेच जनुक. इथे डीएनए आहे, आरएनएसारखा नखरा नाही. हात चुकला तर कोणाच्या जिवाशी येत नाही. आणि मार्केट यार्डात एका हंगामात शेकडो लॉट येतात, सराव भरपूर. फक्त एक ध्यानात ठेवावे, मेलेल्या जिवाणूचा डीएनएही रेघ उठवतो, म्हणून पॉझिटिव्ह लॉट टाकून देण्याआधी जिवाणू वाढवून खात्री करावी.

राहता राहिले माहितीपत्रक. संचात येते ते बारीक इंग्रजीत, आणि वापरणारा माणूस मराठी किंवा कन्नड वाचणारा. दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत, भिंतीवर लावण्याजोगा एक तक्ता पुरवण्याची अट खरेदीतच घालावी. त्यावर छान ठळक रेघांची चित्रे नकोत. फिकट रेघ, अर्धी रेघ, ओघळ आणि फक्त ‘सी’ अशा चार बिघडलेल्या पट्ट्यांचे खरे फोटो हवेत, प्रत्येकाखाली पुढे काय करायचे ते एका ओळीत. १५ मिनिटांनंतर उठलेली रेघ धरायची नाही हेही त्यावरच. वापरलेल्या नळ्या झाकण न उघडता दोन पिशव्यांत बांधून जैववैद्यकीय कचऱ्यात द्यायच्या. त्या केंद्रातल्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नयेत, वाफेच्या दाबाने झाकणे उघडतात आणि सगळ्या प्रती खोलीभर होतात.

आपले,
आण्विक निदानाचे काम करणारे व शिकवणारे काही जण,
बेळगाव